लेगोचा सेट कसा घडतो, कसा जोडावा आणि जोडून झाल्यावर त्याचं काय करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न पालकांचे आहेत, काही कॉलेजच्या मुलांचे, आणि काही अशा लोकांचे ज्यांनी चाळिशीनंतर स्वतःसाठी पहिला सेट घेतला आणि त्याचं बिल कपाटात खोल ठेवलं. उत्तरांमध्ये माहितीबरोबर माझी मतंही आहेत. ती पटली नाहीत तरी सेट छानच जोडला जाईल.

लेगोची कल्पना मुळात कोणाची?

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं लहानसं गाव आहे. तिथला सुतार ओले कर्क क्रिस्टियनसेन याने जागतिक मंदीत, १९३२ साली, घरांची कामं मिळेनाशी झाल्यावर शिड्या, इस्त्रीची टेबलं आणि लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे खेळणीच उरली. महायुद्धानंतर त्याने प्लॅस्टिक मोल्डिंगचं यंत्र आणलं आणि १९४९ मध्ये एकमेकांवर बसणारे प्लॅस्टिकचे ब्लॉक विकायला काढले.

पण ब्लॉकची कल्पना त्याची नव्हती. ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज या माणसाने ‘किडीक्राफ्ट’ नावाने तसे ब्लॉक आधीच आणले होते. क्रिस्टियनसेन बाप-लेकांनी तो नमुना पाहिला आणि थोडे फेरफार करून स्वतःचा ब्लॉक केला. कंपनी आज हे मान्य करते. तेव्हा ‘पहिलं कोण’ या वादात लेगोच्या बाजूने भांडू नका, हराल. त्यांचं खरं कर्तृत्व त्यानंतर नऊ वर्षांनी दिसलं.

ब्लॉकच्या पोटात त्या नळ्या कशासाठी असतात?

हेच ते कर्तृत्व. सुरुवातीचे ब्लॉक खालून पोकळ होते. एकावर एक नीट बसायचे, पण मुलाने घर उचललं की भिंत हातात आणि छप्पर जमिनीवर. २८ जानेवारी १९५८ रोजी ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने सुधारित ब्लॉकच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुधारणा इतकीच, की ब्लॉकच्या पोटात नळ्या आल्या. आपल्या ओळखीच्या दोन गुणिले चार ब्लॉकमध्ये अशा तीन नळ्या असतात. खालच्या ब्लॉकवरचे गोल उंचवटे, ज्यांना सगळे स्टड म्हणतात, ते नळी आणि भिंत यांच्यात अडकून घट्ट धरले जातात. ब्लॉक अर्धवट सरकवून बसवला तरी पकड सुटत नाही. त्याच वर्षी ओले वारला. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीने लाकूड सोडून सगळं लक्ष ब्लॉकवर लावलं.

ही पकड म्हणजे दोन विरोधी मागण्यांची तडजोड आहे. मॉडेल उचललं तर सुटता कामा नये, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांनी सुटलं तर पाहिजे. म्हणून साचे काही सहस्रांश मिलीमीटर इतक्या काटेकोरपणे करावे लागतात. आधीचं प्लॅस्टिक, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, काही काळाने वाकायचं आणि रंग सोडायचं. १९६३ पासून एबीएस नावाचं प्लॅस्टिक आलं. त्याचे दाणे २३० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळवून साच्यात दाबाने भरतात. एबीएस थंड झाल्यावर माप सोडत नाही, म्हणूनच आजोबांच्या काळातला ब्लॉक नातवाच्या सेटवर बसतो.

एक ब्लॉक किती वजन पेलतो?

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये दोन गुणिले दोनचा ब्लॉक यंत्रात घालून दाबून पाहिला. तो सुमारे ४,२४० न्यूटन जोरानंतर चपटा झाला. हिशेब केला तर त्याच्यावर पावणेचार लाख ब्लॉक रचता येतील, म्हणजे साडेतीन किलोमीटर उंच मनोरा. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! प्रत्यक्षात तो मनोरा त्याच्या कितीतरी आधी वाकून पडेल, हे वेगळं. रात्री अंधारात तो पायाखाली आला की नमतं कोण घेतं, हे मात्र यावरून नीट कळतं.

मापांचं काही गणित आहे का?

आहे, आणि ते एकदा डोक्यात बसलं की सेट जोडण्याची मजा बदलते. दोन शेजारच्या स्टडच्या मध्यांत ८ मिलीमीटर अंतर असतं. ब्लॉकची उंची, स्टड सोडून, ९.६ मिलीमीटर. चपट्या प्लेटची उंची ३.२, म्हणजे तीन प्लेटा रचल्या की एक ब्लॉक.

आता पुढचं बघा. पाच प्लेटांची उंची होते १६ मिलीमीटर. दोन स्टडची रुंदीही १६ मिलीमीटर. याचा अर्थ, ब्लॉक आडवा केला, स्टड वरच्या ऐवजी बाजूला वळवले, तरी तो उभ्या ब्लॉकांच्या रांगेत बरोब्बर बसतो, मध्ये फट राहत नाही. बाजूला स्टड असलेले खास ब्लॉक याच कामासाठी असतात. नव्या सेटमधल्या गाड्यांचे गुळगुळीत दरवाजे, इमारतींवरची नक्षी, रोबोंचे चेहरे, हे बहुतेक सगळं या ‘पाचाला दोन’ने साधतं. सेट जोडताना एखादा भाग आडवा करून खटकन बसला, तर थांबून मोजा. मला स्वतःला सेटमधला सर्वांत आवडता क्षण हाच असतो. पेटीवरचं चित्र पूर्ण होण्याचा क्षण त्याच्यापुढे फिका.

सहा ब्लॉकांपासून म्हणे कोट्यवधी आकार होतात. खरं आहे का?

खरं आहे. एकाच रंगाचे दोन गुणिले चारचे दोन ब्लॉक २४ प्रकारे जोडता येतात, तीन ब्लॉक १,०६० प्रकारे. सहा ब्लॉकांसाठी कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगायची. त्यात फक्त सहा मजली रचना मोजल्या होत्या. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाला कामाला लावलं आणि उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. ब्लॉक वाढवत नेले तर नेमका आकडा काढणं संगणकालाही झेपेनासं होतं.

सेट कोण आणि कसा डिझाइन करतं?

बरेच जण समजतात की कुणीतरी मनाला येईल तसं सुंदर मॉडेल करतं, मग त्याची किंमत ठरते. होतं साधारण उलट. वयोगट आणि किंमत आधी ठरते. त्या किमतीत काय बसवता येईल, हे बिलुंडमधल्या डिझायनरने शोधायचं. तो संगणकावर काम करतो, पण टेबलावर हजारो खरे तुकडेही असतात, कारण पकड घट्ट आहे की ढिली हे पडद्यावर कळत नाही.

त्याला हवा तो तुकडा हवा त्या रंगात मिळत नाही. कोणत्याही वेळी ठरावीक आकार ठरावीक रंगांतच चालू असतात. नवा आकार हवा तर नवा पोलादी साचा लागतो आणि ते काम महागडं असतं. जुना आकार नव्या रंगात हवा, तरी त्याची नोंद, साठवण, पिशवीत भरण्याची यंत्रणा, सगळं वाढतं. म्हणून प्रत्येक सेटला नव्या गोष्टींचं बजेट असतं आणि डिझायनरला ते जपून वापरावं लागतं. या अडचणीतूनच गमतीदार गोष्टी जन्मतात. २०२१ च्या बोन्साय झाडाच्या सेटमध्ये चेरीचा बहर आहे. जवळून पाहिलात तर फुलांच्या जागी चक्क गुलाबी बेडूक लावलेले दिसतील. बेडकाचा साचा आधीचाच होता, रंग फक्त बदलला.

ही शिस्त कंपनी ठेच लागून शिकली. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर डिझायनरांना मोकळं रान मिळालं. तुकड्यांचे प्रकार फुगत बारा-तेरा हजारांच्या वर गेले. एकाच सेटपुरते बनवलेले, दुसरीकडे कुठेही न चालणारे मोठमोठे तुकडे निघाले. मनोरंजनाच्या बागा, कपडे, व्हिडिओ गेम, सगळीकडे हात घातला होता. २००३ आणि २००४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. २००४ मध्ये योर्गेन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले, तुकड्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले गेले, आणि २००५ मध्ये लेगोलँड बागांची मोठी मालकी विकून टाकली. तुकडे कमी झाले आणि सेट सुधारले! हे उलटं वाटेल, पण मुलाला कोणत्या तुकड्याचं काय काय होतं हे कळायला तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा हाताखालून जावे लागतात.

सगळं ठरल्यावर सेट मुलांना जोडायला देऊन पाहतात. कुठे हात अडखळतो, कुठला भाग खेळताना निखळतो, हे बघून बदल करतात. पुस्तिका करणारी मंडळी वेगळी असतात आणि डिझायनरचं काही ‘हे कुणालाही समजणार नाही’ म्हणून परत पाठवतात.

मॉडेल बाहेरून राखाडी आहे, मग पोटात लाल-निळे-हिरवे ब्लॉक कशाला?

तुमच्यासाठीच. आतला गाभा एकरंगी असला तर पुस्तिकेतल्या चित्रात कोणता तुकडा कुठे गेला ते दिसत नाही आणि मॉडेल उलटं धरलं गेलं तरी कळत नाही. भडक रंग तिथे खुणेचं काम करतात. टेक्निक नावाच्या, यंत्रांसारखी हलणारी मॉडेल्स करायच्या सेटमध्ये दांडे आणि खिळ्या वेगवेगळ्या रंगांच्या असतात त्याचंही कारण हेच, रंगावरून लांबी पटकन ओळखू येते. काही हौशी लोक हे रंग बाहेर डोकावतात म्हणून चिडतात. मी नाही चिडत.

काही जोडणी ‘बेकायदेशीर’ असते म्हणतात. म्हणजे काय?

पोलीस येत नाहीत. तुकड्यावर ताण येईल अशी जोडणी कंपनीच्या डिझायनरना वापरायची परवानगी नसते, एवढाच अर्थ. उदाहरणार्थ, दोन रांगांच्या स्टडमधल्या फटीत प्लेट उभी खोचणं. बसते ती, पण कचकून, आणि महिनोन् महिने तशी राहिली तर प्लॅस्टिक थकतं. घरी करून पाहायला कुणाची ना नाही. काही अशा जोडण्या फार सुंदर दिसतात. फक्त जुने तपकिरी आणि गडद लाल तुकडे सांभाळा, ते लवकर तडकतात असा जगभरच्या जोडणाऱ्यांचा अनुभव आहे.

पुस्तिकेत एकही शब्द का नसतो?

एकच पुस्तिका बिलुंडमध्ये, बार्सिलोनात आणि बारामतीत चालावी म्हणून. सेटबरोबर जोडणीची चित्रं १९६४ पासून मिळू लागली. जुन्या पुस्तिकांमध्ये एकेका पायरीत दहा-पंधरा तुकडे गुपचूप वाढलेले असायचे आणि ते शोधणं हा अर्धा खेळ होता. आता पायरीला दोन-तीन तुकडे, शिवाय नव्या तुकड्याभोवती ठळक रेघ. मुलांना सोपं झालं हे चांगलंच, पण मोठ्यांच्या सेटमध्येही एका पायरीला एकच ब्लॉक दाखवतात तेव्हा जरा लाज वाटते.

पिशव्यांवर १, २, ३ का लिहिलेलं असतं?

त्या क्रमाने फोडा. सगळ्या एकदम फोडून परातीत ओतायचा मोह आवरा. चारशे तुकड्यांपर्यंत ठीक आहे, त्यापुढे वेळ जोडण्यात कमी आणि शोधण्यात जास्त जातो.

सेट पूर्ण झाला आणि काही तुकडे उरले. काही चुकलं का?

बहुधा नाही. पिशव्या भरल्यावर वजन करून तपासतात. अगदी चिमुकला तुकडा कमी पडला तर वजनात फरक फारसा दिसत नाही, म्हणून अशा लहान तुकड्यांचा एखादा जास्तीचाच टाकतात. उरलेले तुकडे टिकलीएवढे असतील तर निश्चिंत राहा. उरलेला तुकडा ब्लॉकएवढा असेल तर मात्र पुस्तिका उलटी चाळायला घ्या.

माणसं पिवळीच का? आणि डोक्यावर भोक कशाला?

हातपाय हलणारी छोटी माणसं १९७८ मध्ये आली, किल्ले, अवकाश आणि शहर या तीन विषयांबरोबर. पिवळा रंग घेतला तो कुठल्याच वंशाचा वाटू नये म्हणून. पुढे खऱ्या खेळाडूंच्या आणि सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्या आल्या, तेव्हा २००३-०४ पासून खऱ्या त्वचेचे रंग वापरू लागले. डोक्यावरच्या स्टडला आरपार भोक आहे ते, कुणी डोकं गिळलं आणि ते घशात अडकलं तर थोडी हवा जावी म्हणून.

आमच्या मुलाने खरंच एक तुकडा गिळला. काय करू?

श्वास अडतोय, सतत खोकला येतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, असं काही असेल तर हे वाचणं थांबवून दवाखान्यात जा. तुकड्यात लोहचुंबक किंवा बटण सेल असेल तर मूल ठणठणीत दिसत असलं तरी लगेच जा. बाकी लहान गुळगुळीत तुकडा असेल तर डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा ते वाट बघायला सांगतात. यावर २०१८ मध्ये एक गमतीशीर शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. लहान मुलांच्या सहा डॉक्टरांनी स्वतः लेगोच्या बाहुल्याचं डोकं गिळलं आणि ते बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. सरासरी १.७१ दिवस निघाले. सहापैकी एकाला ते सापडलंच नाही. त्यांनी शोधाशोध कशी केली असेल, ते तुम्हीच ताडा.

कोणत्या वयाला कोणता सेट?

दीड ते साडेतीन-चार वर्षांपर्यंत डुप्लो. हे १९६९ पासून आहेत, लांबी-रुंदी-उंची तिन्ही मापांत दुप्पट, त्यामुळे गिळता येत नाहीत. शिवाय लहान लेगो ब्लॉक त्यांच्यावर बसतात, म्हणून डुप्लो वाया जात नाहीत, मोठं मूल त्यांचा डोंगर करतं आणि वर गाव वसवतं. चारनंतर नेहमीचे ब्लॉक. पेटीवरचं वय साधारण बरोबर असतं, पण ते एकट्याने जोडण्याचं वय आहे. आई-बाबा किंवा आजी शेजारी बसणार असतील तर एक पायरी वरचा घ्यायला हरकत नाही.

आणि पहिला सेट म्हणून गाडी किंवा विमान घेण्यापेक्षा नुसत्या साध्या ब्लॉकांचा डबा घ्या. त्यात चार-सहा चाकं आणि एक-दोन खिडक्या असल्या की पुरे. दुकानात मूल त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. घरी सगळ्यात जास्त वेळ तोच बाहेर राहील.

मोठ्यांनी खेळलं तर चालतं का?

कंपनी आता काही पेट्यांवर सरळ १८+ छापते, तेव्हा परवानगीचा प्रश्न मिटला. टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं, आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा, दीड मीटरला अगदी थोडा कमी उंच. आपल्याकडच्यांना जवळचा म्हणजे ताजमहाल. तो २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा आला, त्या वेळचा सर्वांत जास्त तुकड्यांचा सेट. बंद झाल्यावर जुन्या बाजारात त्याचे भाव भडकले, आणि २०१७ मध्ये कंपनीने तो पुन्हा काढला. जुना सेट गुंतवणूक म्हणून न उघडता ठेवलेल्यांची तोंडं तेव्हा पाहण्यासारखी झाली असणार.

मोठे सेट घेताना एक बघा. चार मिनार एकसारखे असले म्हणजे तीच जोडणी चारदा करायची. काहींना त्यात जप केल्यासारखी शांतता मिळते. मला तिसऱ्या मिनाराला झोप येते, म्हणून मी तुकड्यांची संख्या न बघता त्यांत प्रकार किती आहेत ते बघून सेट निवडतो.

आपला एखादा किल्ला किंवा इमारत करायची आहे. किती मोठी होईल?

आधी माणसं ठेवायची की नाही ते ठरवा, बाकी सगळं त्यावर ठरतं. लेगोचा बाहुला सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस १७० धरला तर प्रमाण साधारण १ : ४२. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे, म्हणजे ६१ सेंटिमीटर, सुमारे ६४ ब्लॉक. मोठं आहे, पण जेवणाच्या टेबलावर मावेल. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटरवर आहे. त्याच प्रमाणात तो १९ मीटरच्या वर जाईल. सोसायटीच्या गच्चीपर्यंत.

तेव्हा दोनच मार्ग. एक म्हणजे बाहुले सोडून द्यायचे आणि १ : १००० वगैरे प्रमाणात डोंगर करायचा, जिथे एक स्टड म्हणजे आठ मीटर, एका प्लेटवर आख्खी बालेकिल्ल्याची भिंत. दुसरा मार्ग आपण दिवाळीत पिढ्यान् पिढ्या वापरतो आहोत: किल्ला हातभर, मावळे बोटभर, महाराज त्यांच्या दुप्पट, आणि पायथ्याच्या शेतात किल्ल्याएवढा वाघ. कुणालाही ते खटकत नाही, कारण महत्त्वाचं ते मोठं, असा तिथला नियम असतो. लेगोचे स्वतःचे किल्लेही याच जातीचे आहेत, तटबंदी माणसाच्या दुप्पट-तिप्पट आणि दरवाजा घोडा जाईल एवढा. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. महादरवाजा नीट केलात आणि वाटेला एक गोमुखी वळण दिलंत की बाकीचा गड बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उभा राहतो.

भारतात लेगो इतका महाग का?

आयात शुल्क हे मोठं कारण. खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. परदेशातला भाऊ किंवा मावशी येणार असेल तर सामानात लेगो मागवण्याची पद्धत यातूनच पडली. मागवताना पेटी चपटी करून तुकडे कपड्यांमध्ये भरायला सांगा, पेटीत निम्मी हवाच असते.

मग दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त ब्लॉक घ्यावेत का?

कायद्याने त्यात गैर काही नाही. पेटंटची मुदत केव्हाच संपली. लेगोने ब्लॉकचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवायचा प्रयत्न केला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयात २०१० मध्ये फेटाळला गेला. कामाच्या गोष्टीवर कुणाला कायमची मक्तेदारी देता येत नाही, असा साधारण मुद्दा होता. म्हणून तसाच ब्लॉक कुणीही बनवू शकतं. लेगोचं नाव, बोधचिन्ह किंवा आख्खा सेट जसाच्या तसा उचलला तर ती मात्र चोरी.

दर्जाचं म्हणाल तर काही कंपन्यांचे ब्लॉक आता फार चांगले आहेत, काहींचे बसता बसत नाहीत. साधी परीक्षा अशी: दहा ब्लॉक एका रांगेत रचून काठी करा आणि एका टोकाला धरून आडवी धरा. वाकली, मध्ये फट दिसली तर मुलाचा हिरमोड ठरलेला. आयएसआय चिन्ह नसेल तर लहान मुलासाठी घेऊच नका.

जोडलेला सेट मोडावा की शोकेसमध्ये ठेवावा?

मोडावा. आठ दिवस मिरवा, फोटो काढा, आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवा, आणि मोडा. सेटची किंमत तुम्ही एका मॉडेलसाठी दिली असं वाटतं, पण डिझायनरने ज्या तुकड्यांशी झटापट करून ते मॉडेल केलं ते तुकडे आता तुमचे आहेत. काचेमागे गेल्यावर ते फक्त धूळ खातात. आमच्या लहानपणी लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्टचं मेकॅनिक्स असायचं, ते कुणी शोकेसमध्ये ठेवलेलं मी पाहिलं नाही.

अपवाद दोन. मुलाने पुस्तिकेशिवाय स्वतः काही केलं असेल तर ते त्याला विचारल्याशिवाय मोडू नका, तुम्हाला ते कशाचंही वाटो. आणि कुणाबरोबर तरी मिळून जोडलेला सेट, जो मोडायला हात होत नाही, तो राहू द्या.

तुकडे नीट कसे लावून ठेवावेत?

रंगाप्रमाणे कधीही नाही. हे दिसायला सुरेख आणि वापरायला वैतागवाणं. लाल ढिगात लाल छोटी प्लेट शोधणं डोळ्यांना जमत नाही. आकाराप्रमाणे लावा: ब्लॉक, प्लेटा, तिरपे तुकडे, चाकं, माणसं, आणि ‘इतर’. डोळा रंग चटकन पकडतो, त्यामुळे प्लेटांच्या डब्यातून लाल प्लेट क्षणात मिळते. आइस्क्रीमचे रिकामे डबे उत्तम. झाकणावर एक तुकडा चिकटवला की लेबलही झालं. आणि खेळायला जुनी चादर पसरा, आवरताना चार टोकं उचलली की सगळं डब्यात.

ऊन, पावसाळा आणि धूळ यांचं काय?

एबीएसला पावसाळ्याचं काही वाटत नाही. पुस्तिकेला वाटतं, तिला बुरशी येते, आणि स्टिकरच्या कडा सुटतात. (महागड्या सेटमध्ये छापलेल्या तुकड्यांऐवजी स्टिकर देणं हा माझ्या मते कंजूषपणा आहे. छापलेला प्रत्येक तुकडा वेगळा साठवावा लागतो, हे कारण माहीत असूनही.) ऊन खरा शत्रू. खिडकीतल्या उन्हात पांढरे ब्लॉक पिवळे पडतात, राखाडी आणि निळेही मळकट होतात.

धुवायचे असतील तर कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, आणि थोडा साबण. वॉशिंग मशीन नको. मोटर, सेल किंवा दिवे असलेले तुकडे पाण्यापासून लांब. टॉवेलवर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

दोन प्लेटा एकमेकींना चिकटून बसल्यात. सुटतच नाहीत.

दातांनी नको. बऱ्याच सेटमध्ये मिळणारी नारिंगी पट्टी याचसाठी असते. ती एका प्लेटच्या वर बसवा, आणखी एक मिळाली तर दुसरीच्या खाली, आणि दोन्ही एकमेकींकडे दाबा.

मी केलेलं मॉडेल कंपनी विकेल का?

विकू शकते. ‘लेगो आयडियाज’ या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल टाकता येतं. १०,००० लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी त्याचा विचार करते. त्यातली बहुतेक तरीही नाकारली जातात. निवड झाली तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. २०१७ चा नासातल्या स्त्री शास्त्रज्ञांचा सेट असाच आला, तो माया वाइनस्टॉक या विज्ञानलेखिकेने सुचवला होता. निवडलेलं मॉडेल कंपनीचा डिझायनर पुन्हा बांधतो, तेव्हा आपल्या लाडक्या कोपऱ्याला कात्री लागेल याची तयारी ठेवा.

तुकडे नसतील तर आधी संगणकावर करून बघा. ‘स्टुडिओ’ हा प्रोग्रॅम फुकट आहे, कुठलाही तुकडा कितीही वापरता येतो. फक्त तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. पडद्यावर दिमाखात उभा राहिलेला बुरूज टेबलावर कोसळतो.

एक तुकडा हरवला. नवा कुठे मिळेल?

तुकडा नव्या पेटीतच कमी निघाला असेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवा, साधारणपणे पाठवून देतात. घरात हरवला असेल तर आधी सोफ्याच्या फटी आणि केर काढण्याच्या यंत्राची पिशवी बघा.

तरी नाही सापडला तर त्याचा नंबर शोधा. बहुतेक तुकड्यांच्या आत किंवा खाली बारीक आकडा कोरलेला असतो, दोन गुणिले चार ब्लॉकचा ३००१, दोन गुणिले दोनचा ३००३. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर रंगाप्रमाणे यादीही असते. तो नंबर घेऊन ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारातून सुटा तुकडा मागवता येतो. हा बाजार २००० साली एका हौशी माणसाने सुरू केला आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. मात्र परदेशातून एका तुकड्याच्या पाठवणीचा खर्च तुकड्याच्या शंभरपट होतो. त्यापेक्षा ओळखीच्या दोन-तीन घरांतल्या डब्यांत विचारून बघा. राखाडी असेल तर कुणाकडे तरी नक्की मिळेल. पारदर्शक असेल तर मुलाला सांगून ठेवा की ही खिडकी काही दिवस उघडी राहणार.